आधी कान, मग स्पीकर

"टाळकरी नव्हते का रे तेव्हा?"

अण्णांनी हे विचारलं, तेव्हा आमच्या हॉलमध्ये दोन लाख चाळीस हजारांचे स्पीकर नुकतेच वाजून थांबले होते. पंडित भीमसेन जोशींचा अभंग लावला होता. गाण्यामागे टाळ इतके स्वच्छ होते की एकेक झंकार विरत जाताना ऐकू येत होता. मी त्याच आनंदात होतो. अण्णा सोफ्यावर बसून मांडीवर ठेका धरत होते, मान डोलावत होते. गाणं संपलं आणि त्यांनी विचारलं, टाळकरी नव्हते का.

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. अण्णा स्वतः टाळकरी आहेत. आळंदीत आमच्या आळीतल्या भजनात तीस वर्षं टाळ वाजवतायत, दिंडीत चालतायत. टाळ आहेत की नाहीत, हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? टाळ होते. अण्णांना ते ऐकू आले नव्हते.

त्याच आठवड्यात त्यांना कानांच्या तपासणीला नेलं. ऑडिओमेट्री म्हणजे फार काही नाही. बंद खोलीत बसवतात, कानांना हेडफोन लावतात आणि २५० हर्ट्झपासून ८ हजार हर्ट्झपर्यंत एकेक सूर ऐकवतात. ऐकू आला की बटण दाबायचं. अण्णांचा आलेख १ हजारापर्यंत ठीक होता. तिथून घसरला आणि ४ हजारांवर खड्ड्यात गेला. दोन्ही कानांत ६५ डेसिबल. ८ हजारांवर जरासा वर आला. तपासणाऱ्या ताईंनी आलेख बघूनच विचारलं, "काका प्रेस शॉपला होते का?"

होते. भोसरी एमआयडीसीत, सव्वीस वर्षं, पॉवर प्रेसवर. गाड्यांचे पत्र्याचे पार्ट काढायला.

ताईंना कळलं, कारण ४ हजार हर्ट्झच्या आसपासचा तो खड्डा ही गोंगाटाने गेलेल्या कानाची जगभर ओळखली जाणारी खूण आहे. टाळाची किणकिण, 'स' आणि 'त'मधला फरक, दारावरच्या बेलचा वरचा सूर हे सगळं त्या पट्ट्यात येतं. खालचे आवाज शाबूत राहतात. म्हणून असा माणूस बहिरा वाटत नाही. तो फक्त "काय म्हणालास?" असं परत परत विचारतो आणि घरचे वैतागतात. मीही वैतागायचो.

हा लेख स्पीकरबद्दलच आहे. घरी ऐकायला सर्वांत चांगले स्पीकर कोणते, या प्रश्नावर मी आठ महिने घालवले. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, त्यामुळे अर्थातच एक्सेल शीट केली. तेवीस मॉडेल, सतरा रकाने. आता माझं म्हणणं असं आहे की हा प्रश्न आपण उलट्या टोकाने विचारतो. आवाज पेटीतून निघतो, खोलीत फिरतो, आजूबाजूच्या कलकलाटातून वाट काढतो आणि कानात शिरतो. या साखळीत सगळ्यात मोलाचा कान, कारण तो दुसरा मिळत नाही. मग शांतता. मग खोली. पेटी शेवटी. बाजार मात्र पेटीपासून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो, कारण चारांपैकी किमतीची चिठ्ठी तिलाच नीट चिकटते.

पेटीपासूनच सुरू करू, म्हणजे मला स्पीकरमधलं काही कळत नाही असं कुणी म्हणायला नको.

चांगला स्पीकर कशाला म्हणायचं, याचं उत्तर बऱ्यापैकी सापडलेलं आहे. फ्लॉइड टूल यांनी आधी कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत आणि नंतर हरमन कंपनीत यावर अनेक वर्षं काम केलं. पडद्यामागे स्पीकर ठेवायचे, ऐकणाऱ्याला ब्रँड, आकार, किंमत काही कळू द्यायचं नाही आणि गुण द्यायला सांगायचे. असं केलं की बहुतेक लोकांची पसंती एकाच प्रकारच्या स्पीकरकडे वळते. समोरून सगळे सूर सारख्या प्रमाणात देणारा आणि बाजूला जाणारा आवाजही उंचसखल न करणारा स्पीकर. १९९४ मध्ये टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी हरमनच्याच ४० कर्मचाऱ्यांना तेच स्पीकर दोनदा ऐकवले, एकदा झाकून आणि एकदा उघड. उघड दिसल्यावर गुण बदलले. मोठा, देखणा, आपल्या कंपनीचा स्पीकर वर गेला. ज्यांचं पोट ध्वनीवर चालतं ती माणसंही डोळ्यांनी ऐकत होती. मग शोरूमच्या गारेगार एसीत, हातात कॉफी घेऊन, पन्नास हजारांच्या शेजारी पाच लाखांचा स्पीकर ऐकणारे तुम्ही-आम्ही काय करत असू?

मला शोरूममध्ये ३८ हजारांची केबल दाखवली. "सर, याने स्टेज उघडतो." तसलीच केबल एका मित्राकडे होती. आम्ही त्याच्या घरी पडदा लावून साध्या तांब्याच्या वायरशी अदलाबदल केली. वीस वेळा ऐकलं, अकरा वेळा बरोबर ओळखलं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढेच बरोबर आले असते. मित्राने केबल ठेवली. म्हणाला, "तरी फरक आहे." त्याच्याशी वाद घातला नाही. माणसाने ३८ हजार भरले की फरक असावाच लागतो.

आणि तो आकडा, जो हल्ली प्रत्येक माहितीपत्रकावर छापलेला असतो: ४० हजार हर्ट्झपर्यंत! निरोगी तरुण कान साधारण २० हजारांपर्यंत ऐकतो आणि वय वाढेल तशी ती हद्द खाली येते. सीडीचं ४४.१ किलोहर्ट्झ सॅम्पलिंग २२ हजारांपर्यंतचे सूर पकडतं, म्हणजे कानाची गरज तिथेच भागली. बाजार आपल्याला २० हजारांच्या वरचे, कुणालाच ऐकू न येणारे सूर विकतोय आणि माझ्या घरात ४ हजारांचा सूर हरवलेला माणूस बसलाय. तो कुणी हरवला, हे कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

माझं चांगल्या स्पीकरशी वैर नाही. त्यामागचं इंजिनिअरिंग सुंदर असतं. बीबीसीने सत्तरच्या दशकात प्रसारणाच्या गाड्यांत बसावा म्हणून एलएस३/५ए नावाचा छोटा स्पीकर घडवला आणि माणसाच्या आवाजासाठी लोक आजही त्याचं नाव घेतात. आपल्या पुण्यातल्या कॅडेन्सने तर पातळ पडदा विजेच्या दाबाने हलवणारे इलेक्ट्रोस्टॅटिक स्पीकर बनवले. अशी पेटी हवीशी वाटणं यात गुन्हा नाही. माझं भांडण क्रमाशी आहे.

आता खोली. आमच्या बिल्डरने दिलेली खोली दहा बाय बारा फूट, उंची साडेनऊ. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींत जी लाट नेमकी अडकते, तिची वारंवारता काढायला हा वेग अंतराच्या दुपटीने भागायचा. बारा फुटांना सुमारे ४७ हर्ट्झ, दहा फुटांना ५६, साडेनऊला ५९. ५६ आणि ५९ एकमेकांना चिकटलेले. म्हणजे या खोलीत कितीही लाखांचा स्पीकर आणला तरी ५६ ते ५९च्या आसपास एका कोपऱ्यात आवाज घुमणार आणि मध्यभागी गायब होणार. पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावून जो खोल, भरीव नाद काढतात, त्याचा अशा खोलीत नुसता 'भुम्म' होतो. वर व्हिट्रिफाइड टाइल्स, काचेची सरकती खिडकी, गुळगुळीत पुट्टी. टाळी वाजवली की भिंती टरटर उत्तर देतात.

यावरचा इलाज कंटाळवाणा आणि स्वस्त आहे. स्पीकर भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे ओढा. दोन स्पीकर आणि तुमचं डोकं यांचा समभुज त्रिकोण करा. मागच्या भिंतीला टेकून बसू नका. चार इंच जाड रॉकवूल लाकडी चौकटीत भरून, कापड लावून, जिथे आवाज पहिल्यांदा आपटतो तिथे टांगा. आजीची गोधडी वरचे सूर शोषेल, खालच्यांना तिच्या जाडीचं काही वाटणार नाही. मोजायला एक माइक आणि फुकट मिळणारं सॉफ्टवेअर पुरतं. एवढं केल्यावर माझ्या खोलीत जो फरक पडला, तो शीटमधल्या कुठल्याही दोन मॉडेलांतल्या फरकापेक्षा मोठा होता. पण याचं अनबॉक्सिंग होत नाही. रॉकवूलचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही.

खोलीच्या बाहेर आळंदी आहे.

पहाटे चारला माझ्या हॉलमध्ये मोबाइलच्या ॲपवर ३४ डेसिबल दिसतात. मोबाइल काही अचूक यंत्र नाही, पण अंदाज येतो. त्या वेळी दूर कुठेतरी धर्मशाळेत एखादा विद्यार्थी पखवाजाचे बोल घोकत असतो आणि तो स्पष्ट ऐकू येतो. लग्नसराईत संध्याकाळी आठला तोच आकडा ६८ असतो, खिडक्या लावून. आळंदी मंगल कार्यालयांचं गाव आहे. एका वरातीचा डीजे वळतो तोवर दुसरीचा बँड येतो. चाकणकडे जाणारे ट्रक हॉर्नवर हात ठेवूनच निघतात. सप्ताह असला की मांडवाच्या दोन खांबांवर दोन भोंगे आणि दोन्हींची तोंडं गावाकडे.

डेसिबलचं गणित बेरजेचं नसतं. १० डेसिबल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. ३४ आणि ६८ यांत दुपटीचा नव्हे, तर शक्तीच्या हिशोबात अडीच हजार पटींचा फरक आहे. तंबोऱ्याचा मंद झंकार ६८च्या खाली बुडतो. तो वर काढायचा तर आवाज वाढवावा लागतो. मग गाण्याची चढी जागा ९०च्या पुढे जाते आणि घरच्या घरी कान झिजायला लागतात. इअरफोनचंही तेच. बसमध्ये, लोकलमध्ये, कंपनीच्या कॅबमध्ये आपण गाणं वाढवत नाही, गोंगाटाच्या वर चढत असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तासांपर्यंत चालतात. त्यावर प्रत्येक ३ डेसिबलला वेळ अर्धा. जगात शंभर कोटींहून जास्त तरुण कान धोक्यात आहेत, असं हीच संघटना सांगते.

कायदा नाही असं नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. वर्षातले फार तर १५ दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल देऊन हे पक्कं केलं. अंमलबजावणी तुम्ही रोज ऐकताच.

इथे माझ्यासारख्यांची लबाडी सुरू होते. गोंगाट वाढला की आम्ही डबल काचेच्या खिडक्या लावतो. नॉइज कॅन्सलिंग हेडफोन घेतो. परवडलं तर बाराव्या मजल्यावर जातो. शांतता ही सार्वजनिक गोष्ट होती. ती आम्ही एकेकट्याने विकत घेतली आणि खाली रस्त्यावर राहणाऱ्यांना गोंगाट ठेवून दिला. स्पीकरच्या चर्चेत 'माझी खोली किती शांत' हे अभिमानाने सांगणाऱ्याने गल्ली शांत व्हावी म्हणून एक तक्रार केली आहे का? मी केली नव्हती.

"मग काय, भजन-कीर्तन बंद करायचं का?" हा प्रश्न येणारच. मी वारकऱ्याच्या घरातला आहे, माझ्यासमोर हा प्रश्न आरडून विचारायची गरज नाही. कीर्तन मागच्या माणसापर्यंत पोचायलाच हवं. पण दोन भोंगे हा त्याचा सर्वांत वाईट मार्ग आहे. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. भोंग्याजवळ एक मीटरवर ११० असतील, तर ३२ मीटरवर ८० पोचतात. म्हणजे मागच्याला ऐकू यावं म्हणून खांबाजवळ बसलेल्या म्हाताऱ्या बायांच्या कानांत आपण प्रेस शॉप चालू करतो. त्याऐवजी मांडवात दर पाच-सहा मीटरवर छोटे स्पीकर, हळू आवाजात, तोंड आतल्या बाजूला. शब्द कळतात, कुणाचा कान जात नाही, शेजारचं लेकरूही झोपतं. यात भक्तीला कुठे धक्का लागतो?

आणि आता कान. म्हणजे अण्णा.

आपल्याकडे कारखान्यांच्या नियमांत आठ तासांच्या पाळीसाठी मर्यादा ९० डेसिबल आहे. त्यावर दर ५ डेसिबलला वेळ अर्धा. म्हणजे ९५ला चार तास, १००ला दोन तास. अमेरिकेतली निओश ही कामगार-आरोग्याची संशोधन संस्था ८५ला आठ तास सांगते आणि दर ३ डेसिबलला वेळ अर्धा करते. त्या हिशोबाने १०० डेसिबलला किती वेळ? पंधरा मिनिटं. भौतिकशास्त्र निओशच्या बाजूने आहे, कारण ३ डेसिबलला ऊर्जा दुप्पट होते. इथल्या कामगाराचा कान काही वेगळ्या मातीचा नाही. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, ना तिकडे ना इकडे.

गोंगाटाने येणारा बहिरेपणा १९४८च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होता. म्हणजे तो कळवणं बंधनकारक असलेला व्यवसायजन्य आजार आहे, शिशाच्या विषबाधेसारखा. कागदावर. अण्णांना सव्वीस वर्षांत एकदाही आलेख दाखवला गेला नाही. इअरप्लग मिळायचे, ऑडिटच्या आदल्या दिवशी. ते लावले की सुपरवायझरची हाक ऐकू यायची नाही आणि शिवी खावी लागायची, म्हणून सगळे खिशात ठेवायचे. घरी आल्यावर कानात शिट्टी वाजते, हे अण्णा सांगायचे. आम्ही म्हणायचो, थकला असाल.

पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यातल्या किती घरांत हा आलेख निघेल? मला आकडा माहीत नाही आणि बनवणारही नाही. पण आमच्या आळीत टीव्ही मोठ्याने लावणारे सगळे काका एमआयडीसीतून निवृत्त झालेले आहेत, एवढं मला दिसतं. आमची इंजिनिअरिंगची फी त्या प्रेसच्या धडधडीतून आली. त्या फीच्या डिग्रीवर मिळालेल्या पगारातून मी ४० हजार हर्ट्झचे स्पीकर घेतले आणि ज्यांनी फी भरली त्यांना त्यातले टाळ ऐकू येत नाहीत. माझ्या रागाचं कारण एवढंच आहे.

एक गोष्ट मान्य केली पाहिजे. तीस टाळ बंद खोलीत एकदम वाजले की माझा मोबाइलही ९०च्या पुढे जातो. अण्णांच्या कानाचा थोडा हिशोब टाळाकडेही निघेल. पण आठवड्यातून दोनदा दोन तास आणि आठवड्याचे सहा दिवस आठ तास यांचा गुणाकार करा. शिवाय टाळ त्यांनी स्वतः हातात घेतला होता.

मी ते स्पीकर विकले. एक लाख ऐंशी हजार आले. एक लाखाची श्रवणयंत्रं घेतली, उरलेल्यातून साधे छोटे बुकशेल्फ स्पीकर आणि रॉकवूलच्या चार चौकटी. हा सुखान्त नाही. श्रवणयंत्र बोलण्यासाठी बनवलेलं असतं, संगीताला ते अडखळतं. पहिल्या दिवशी अण्णा ताटाच्या आवाजाने दचकले. भजनात म्हणाले, "टाळ पत्र्यावानी वाजतोय रे." दोनदा जाऊन संगीतासाठी वेगळी सेटिंग करून घेतली. आता म्हणतात, बरा आहे. तीस वर्षांपूर्वीचा टाळ मात्र कुठल्याही किमतीला मिळणार नाही.

तेव्हा बजेट किती, ब्रँड कुठला, हे मला विचारू नका. आधी स्वतःची ऑडिओमेट्री करून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे. वरातीत डीजेच्या भिंतीसमोर नाचायचं असेल तर खिशात इअरप्लग ठेवा, लाज वाटू देऊ नका. कंपनीत शॉप फ्लोअरवर असाल तर वर्षाचा आलेख मागा आणि त्याची प्रत घरी ठेवा. गल्लीत रात्री दहानंतर भोंगा वाजला तर बाराव्या मजल्याचं स्वप्न बघण्याआधी एक तक्रार करा. मग खोली नीट करा. एवढं झाल्यावर जो स्पीकर परवडेल तो घ्या, डोळे मिटून ऐका आणि माणसाचा आवाज माणसासारखा येतोय ना, तेवढं बघा.

आणि घरात कुणी सारखा टीव्हीचा आवाज वाढवत असेल तर रिमोट हिसकावू नका. त्यांना आधी विचारा, कुठल्या खात्यात काम करत होता?